हवेचं मीटर

“ताई, तुम्ही कंप्रेसर विकत घेऊच नका,” तो मुलगा म्हणाला आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. कारण तो कंप्रेसर विकायलाच आला होता! गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खिशावर कंपनीचं नाव भरतकाम करून, हातात गुळगुळीत कॅटलॉग. आणि हा म्हणतोय, घेऊ नका. मला वाटलं, आपली ऐपत बघून बोलतोय. आमच्या ऑफिसातल्या पंख्याचा आवाज ऐकून कोणाचाही तसा समज होईल.

“तुम्हाला कंप्रेसर कुठे हवाय?” तो पुढे म्हणाला. “तुम्हाला हवा हवीय. हवा घ्या ना! आम्ही मशीन आणून बसवतो, ते आमचंच राहील. तुम्ही मीटर बघून हवेचे पैसे द्या.”

त्या क्षणापासून आज सव्वा महिना झाला, मी दुसऱ्या कशावर बोललेली नाही. घरातले वैतागले आहेत. आता तुमची पाळी.

पण आधी थोडं मागे जायला हवं. बावीस वर्षं मी आठवी-नववीला मराठी शिकवलं. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले, आणि भोसरी एमआयडीसीतलं त्यांचं पावडर कोटिंगचं वर्कशॉप बघायला घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मी राजीनामा दिला आणि आले. सुरुवातीला ‘सीएफएम’ हे हवा मोजायचं एकक मला रेडिओचं स्टेशन वाटलं होतं. तिथले सगळ्यात जुने कामगार, ज्यांना आख्खी गल्ली मामा म्हणते, ते मला अजूनही ‘बाई’च म्हणतात, शाळेतल्यासारखं.

पावडर कोटिंग म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते. लोखंडी जॉब सात टाक्यांच्या प्रक्रियेतून धुऊन काढायचा, वाळवायचा, हँगरला टांगायचा, गनने त्यावर पावडर उडवायची, ती विजेच्या भारामुळे पत्र्याला चिकटते, आणि मग भट्टीत १८०-२०० अंशांना भाजायचा. गन चालते हवेवर. ती हवा दाबाची तर हवीच, पण कोरडीही हवी आणि तिच्यात तेलाचा अंश नको. ओल आली की पावडर गुठळते आणि भट्टीतून निघालेल्या पत्र्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. तेल आलं की गोल खळगे पडतात, त्याला आमच्याकडे ‘फिश आय’ म्हणतात. मग तो जॉब पुन्हा सोला, पुन्हा धुवा, पुन्हा भाजा. नफा गेलाच, वर गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं.

तर मे महिन्यातल्या एका मंगळवारी आमचा अकरा वर्षांचा स्क्रू कंप्रेसर किंचाळला आणि बंद पडला. मामांनी झाकण उघडलं, आत हात घातला, हात बाहेर काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, एअर एंड गेला.” म्हणजे कंप्रेसरचं काळीज गेलं. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन स्क्रू त्याच्या आत असतात, तेच हवा दाबतात. दुरुस्तीचा अंदाज नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास आला. हँगरला इलेक्ट्रिक पॅनलची दोनशे दारं टांगलेली, गिऱ्हाइकाचा फोन वाजतोय, आणि मामांनी कुठूनतरी रस्ता फोडणाऱ्यांचा डिझेल कंप्रेसर भाड्याने आणून दारात उभा केलाय. त्याच्या धडधडीत मला स्वतःचा आवाज ऐकू येईना.

दुरुस्ती करणारा आमचा नेहमीचाच माणूस. त्याचं नाव घेत नाही, वाईट नव्हता बिचारा. पण ही तीन वर्षं मला एक गोष्ट खटकायची आणि नेमकी काय खटकते ते सांगता यायचं नाही. आमचं मशीन बंद पडलं की त्याचं घर चालायचं. आमच्याकडे रडारड, त्याच्याकडे बिल! तो मुद्दाम बिघडवायचा असं मी म्हणत नाही, मुळीच नाही. पण ते बिघडू नये म्हणून त्याने जिवाचा आटापिटा का करावा? त्याला त्याचे कोण पैसे देणार होतं?

आणि इथे, मंडळी, मला तो खटका उलगडला! तो कंपनीचा मुलगा सांगत होता की मशीन त्यांचं, सर्व्हिस त्यांची, तेल-फिल्टर त्यांचे, एअर एंड गेला तर तोही त्यांचा. मी पैसे द्यायचे ते पाइपातून आलेल्या हवेच्या घनमीटरला. मशीन बंद, तर मीटर बंद, तर त्यांची कमाई बंद. म्हणजे माझ्या मशीनच्या तब्येतीची काळजी माझ्याइतकीच, किंबहुना जास्त, त्यांना! वीज मी भरायची. पण एक घनमीटर हवेला किती वीज लागेल त्याची हमी त्यांनी लिहून द्यायची, आणि जास्त लागली तर फरक त्यांनी सोसायचा. हे ऐकल्यावर मी त्याला दुसरा चहा सांगितला.

विजेचं कलम का एवढं मोठं, तेही त्यानेच समजावलं. कंप्रेसर दहा वर्षं वापरला तर एकूण खर्चात मशीनच्या किमतीचा वाटा अगदी लहान, आणि विजेचा सत्तर टक्क्यांच्या वर. आपण मात्र घेताना घासाघीस करतो ती किमतीवर! मी हबकले. गरज नसताना एक बार दाब जास्त ठेवला तर वीज साधारण सात टक्क्यांनी वाढते. आमचे मामा ‘असू दे, हाताशी असावा’ म्हणून कायम एक बार जास्तच ठेवायचे, लोणच्यात मीठ घालावं तसं. आणि सगळ्यात कहर पुढे आहे. कंप्रेसरला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णता होऊन बाहेर पडते. माझ्या डोळ्यांसमोर आमची पहिली टाकी आली. डिग्रीजिंगचं, म्हणजे पत्र्यावरचं तेल काढायचं, पाणी तापवायला आम्ही त्या टाकीत हीटर सोडतो, त्याचं बिल भरतो, आणि भिंतीपलीकडे कंप्रेसर दिवसभर गरम हवा गल्लीत फेकत असतो! गल्लीतली कुत्री थंडीत तिथेच येऊन का झोपतात, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

पुढच्या बैठकीला मात्र तो एकटा आला नाही. चौघे आले. टेबलावर चार व्हिजिटिंग कार्डं मांडली गेली आणि मी गोंधळले. एक कंप्रेसर बनवणाऱ्या कंपनीचा. दुसरा चिंचवडचा डीलर, ज्याची पोरं प्रत्यक्ष सर्व्हिसला येणार. तिसरा फायनान्स कंपनीचा. आणि चौथी जेमतेम पंचविशीची मुलगी, पाठीवर सॅक, तिच्या कंपनीचं सेन्सर मशीनवर बसणार आणि दाब, तापमान, विजेचा वापर असं सगळं दर मिनिटाला पाठवत राहणार.

“एवढे लोक कशाला?” मी विचारलं. मला वाटलं, जेवढी तोंडं जास्त तेवढी हवा महाग.

उत्तर ऐकून मी वहीत आकृतीच काढली. मशीन बनवणाऱ्याला मशीन बनवता येतं. पण अशी हजार मशिनं विकण्याऐवजी स्वतःच्या नावावर ठेवायची तर केवढं भांडवल अडकेल? म्हणून मशीन विकत घेऊन ठेवायला फायनान्स कंपनी. भोसरीत रात्री अकराला कोण धावत येणार? म्हणून डीलर, त्याचं गोदाम दोन सिग्नलवर आहे. आणि मशीनची नाडी लांबून बघायची तर त्या सॅकवाल्या मुलीशिवाय कसं जमणार? एकट्या कारखानदाराने हे सगळं करायला घेतलं तर त्याला बँक, गॅरेज आणि सॉफ्टवेअर कंपनी अशा तीन धंद्यांत उतरावं लागेल. त्यापेक्षा ज्याला जे येतं ते त्याने करावं आणि मीटरच्या पैशांतून वाटा घ्यावा. माझ्यासारख्या निबंध तपासणाऱ्या बाईला धंद्यातली ही रचना बघून खरोखर एखादी बांधीव कविता सापडल्यासारखं झालं. हसू नका.

त्या रात्रीपासून माझं वाचन सुरू झालं. ज्याला मी भोसरीतला शोध समजत होते, तो साठ वर्षांपूर्वीचा निघाला! १९६२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल सिडली या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने छोट्या खासगी जेट विमानांच्या मालकांना सांगितलं की व्हायपर इंजिन आम्ही सांभाळतो, बदलायची वेळ आली तर बदलून देतो, तुम्ही फक्त उडालेल्या तासांचे ठरलेले पैसे द्या. ‘पॉवर बाय द अवर’ हे त्याचं नाव. १९६६ मध्ये रोल्स रॉइसने ती कंपनी घेतली आणि पुढे मोठ्या प्रवासी विमानांच्या इंजिनांसाठी हीच कल्पना वाढवत नेली. विमान जमिनीवर उभं, तर इंजिनवाल्याला कमाई नाही. मंगळवारी दारात उभा असलेला तो डिझेल कंप्रेसर मला आठवला.

त्याच्याही आधीचं झेरॉक्सचं प्रकरण तर मी नवऱ्याला रात्री उठवून सांगितलं. १९५९ मध्ये झेरॉक्सचं ९१४ हे मशीन आलं. नऊ इंच बाय चौदा इंचाच्या कागदाची नक्कल काढायचं, म्हणून ९१४. वजन तीनशे किलोच्या आसपास, आणि कधी कधी आत कागद पेटायचा म्हणून कंपनी सोबत आग विझवायचं नळकांडंही द्यायची. त्याला नाव मात्र काय दिलं होतं, तर ‘स्कॉर्च एलिमिनेटर’! असलं महागडं धूड कोण विकत घेणार? म्हणून त्यांनी ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं, त्यात दोन हजार प्रती फुकट, आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला चार सेंट. आणि पंधरा दिवसांची सूचना देऊन मशीन परत करायची मुभा. हे पंधरा दिवसांचं लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यावर येणार आहे. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात आपण ‘दोन झेरॉक्स द्या’ म्हणतो, तेव्हा मशीन नव्हे, प्रतीच मागत असतो ना!

असं वाचत गेले तर काय काय सापडलं! फ्रान्सच्या मिशेलिनने २००० च्या सुमारास ट्रकवाल्यांना टायर विकण्याऐवजी किलोमीटर विकायला घेतले. सुरुवातीला ते फारसं चाललंही नाही, आणि त्याचं एक कारण मला फार पटलं. आयुष्यभर टायर विकलेल्या माणसाला किलोमीटर कसे विकायचे ते उमगत नव्हतं. जर्मनीत कोबुर्गची केझर ही कंप्रेसरवाली कंपनी हवाच विकते. आणि या सगळ्याला नाव देणारा लेख १९८८ चा, सँड्रा व्हँडरमर्व आणि हुआन राडा या दोघांचा. शब्द काय, तर ‘सर्व्हिटायझेशन’. मराठीची शिक्षिका म्हणून मी दोन दिवस पर्याय शोधला. ‘सेवाकरण’ म्हटलं तर सेवा करण्यासारखं वाटतं. नाद सोडला.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अॅमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाचं. २०१५ मध्ये तिथल्या एका टर्मिनलमध्ये ३,७०० एलईडी दिवे बसले. ते फिलिप्सने बनवले, कोफेली या कंपनीबरोबर मिळून बसवले आणि सांभाळले. विमानतळाने पैसे द्यायचे ते उजेडाचे. दिवे फिलिप्सचेच राहणार होते. आता बघा हं गंमत! दिवा विकून टाकायचा असता तर तो लवकर गेलेला बरा, नवा खपेल. पण दिवा स्वतःचाच राहणार म्हटल्यावर कंपनीने तो वेगळाच घडवला. जो भाग बिघडतो तो बाहेरच्या बाजूला घेतला, म्हणजे सगळा दिवा न उतरवता तेवढाच बदलता यावा. आयुष्य नेहमीच्या दिव्यापेक्षा ७५ टक्के जास्त धरलं, वीज निम्म्यावर आली. म्हणजे पैसे घ्यायची पद्धत बदलली आणि वस्तूचा आकारच बदलला! पहाटे दीड वाजता हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन आमच्या ट्यूबलाइटकडे बघत उभी राहिले.

“आई, तुला आता जगात सगळीकडे कंप्रेसर दिसतोय,” मुलगा म्हणाला. खरं होतं. बसस्टॉपवरसुद्धा दिसला. पुण्यात २०१९ पासून पीएमपीच्या ज्या विजेच्या बस धावताहेत, त्यातल्या कितीतरी पीएमपीच्या मालकीच्या नाहीतच. बस कंपनीची, चालक कंपनीचा, देखभाल कंपनीची. कंडक्टर आणि तिकीट तेवढं पीएमपीचं, आणि कंपनीला पैसे किलोमीटरवर. मी रोज त्यात बसत होते! एसटीची ‘शिवाई’ १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर निघाली, त्याच मार्गावर जिथे १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस धावली होती. पहिल्या बसच्या वेळी एसटीकडे बस, चालक, गॅरेज सगळं घरचं. आता विजेच्या बसबरोबर ही नवी वाटणी आली आहे.

मात्र एका गोष्टीने माझा फुगा थोडा टोचला. मुंबईत ऑगस्ट २०२३ मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरच्या बसच्या चालकांनी संप केला, पगारासाठी आणि इतर मागण्यांसाठी. प्रवाशाला समोर दिसते ती बेस्टची बस. चालक मात्र नोकरीला कंत्राटदार कंपनीत. मग थांब्यावर ताटकळलेल्या बाईने कोणाला जाब विचारायचा? चार कार्डं टेबलावर आली की जबाबदारी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायला वेळ लागत नाही. मी लगेच वहीत लिहिलं, ‘फोन एकाच नंबरवर. मी चौघांशी भांडणार नाही.’ ते कलम करारात घालून घेतलं. सॅकवाली मुलगी म्हणाली, “मॅम, हे तर आमच्याच फायद्याचं आहे.” हुशार आहे पोरगी.

आता सासूबाई. वय ब्याऐंशी, माहेर सातारा जिल्ह्यात. रोज रात्री जेवताना माझं पुराण ऐकून ऐकून एकदा त्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाल्या, “म्हणजे सुताराला बलुतं घालायचे तसंच की गं हे.”

माझा घास हातातच राहिला.

अहो, तसंच की! गावात सुतार नांगर विकत नव्हता. शेतकऱ्याचा नांगर, पाभर, मोटेचं लाकूडसामान वर्षभर चालतं ठेवायचं, मोडलं तर सांधून द्यायचं, आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्याचं, पेंढ्यांचं बलुतं घ्यायचं. फाळ लोहाराचा, मोट चांभाराची, दोर मांगाचा; एकट्या सुताराला शेत चालतं ठेवता येत नव्हतं, चौघांनी मिळून ते ठेवायचं आणि चौघांना त्या शेतातून वाटा. माझ्या टेबलावरची चार कार्डं! मी शाळेच्या दिवसांतला त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ कपाटातून काढला. १९१५ चं पुस्तक, आणि बलुत्याच्या थोरल्या, मधल्या, धाकट्या ओळींचं सगळं गणित त्यात. शेतात पिकलं तर सुताराला मिळणार, म्हणजे पेरणीच्या दिवशी नांगर मोडून राहणं त्यालाही परवडणारं नव्हतं. मग आला कारखाना. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी बिचकत होते. तो नांगर उत्तम होता, त्याने शेती बदलली. पण तो दुकानातून विकत आणायचा होता. बनवणारा एकीकडे, वापरणारा दुसरीकडे, आणि मधे बिल. आता शंभर-सव्वाशे वर्षांनी कारखानाच पुन्हा खळ्यावर यायचं म्हणतोय!

मी हे एवढ्या आवेशात बोलत होते की सासूबाईंनी हात वर करून थांबवलं. “हुरळू नको. सुताराचं बरं होतं. पण महारवाड्यातल्या माणसाला ‘मला नको तुमचं बलुतं’ म्हणायची सोय होती का? बापाने केलं, ते पोरानेही करायचं.”

त्यांच्यापुढे मला बोलायला तोंड राहिलं नाही. जात ठरवणार काम कुठलं, गाव ठरवणार मोबदला किती, आणि सुटायची वाट नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महारांना गावकामाला बांधणाऱ्या वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं ते या बांधिलकीतून माणसं मोकळी करायलाच. बलुत्यात नांगर चालू राहण्याची हमी होती, पण नांगर चालू ठेवणाऱ्याच्या जिवावर.

आणि म्हणून मला झेरॉक्सचे ते पंधरा दिवस आठवले. मशीन परत करायची मुभा! दुसऱ्या दिवशी मी करार पुन्हा वाचायला घेतला, या वेळी लाल पेन घेऊन, पेपर तपासल्यासारखा. पाच वर्षांचा करार, मधे सोडायचा तर दंड. दर महिन्याला ठरावीक हवा वापरा किंवा वापरू नका, तिचे पैसे द्यायचेच. आमच्याकडे दिवाळीआधी श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात निम्मे हँगर रिकामे लोंबतात. मग मी किमान आकारावर भांडले, वर्षाचा हिशेब एकत्र धरा म्हणाले. फायनान्सवाला कुरकुरला, डीलर मात्र माझ्या बाजूने बोलला. त्याला माहीत होतं, भोसरीतले सगळे लघुउद्योजक हेच विचारणार आहेत. शेवटी सहामाही हिशेबावर तडजोड झाली. दर किती ठरला ते छापायचं नाही असंही एक कलम आहे, नाहीतर तेही सांगितलं असतं.

आणखी एक गोष्ट मी विचारली नव्हती, ती मामांनी विचारली. करार व्हायच्या आधी आठवडाभर कंपनीवाल्यांनी आमच्या जुन्या, तात्पुरत्या दुरुस्त केलेल्या कंप्रेसरवर मोजणीयंत्र लावलं होतं. रविवारी मुद्दाम कंप्रेसर चालू ठेवायला सांगितला, वर्कशॉप बंद. सोमवारी त्या मुलीने लॅपटॉपवर आलेख दाखवला. रविवारी, एकही माणूस नसताना, एकही गन चालू नसताना, आम्ही रोजच्या वापराच्या जवळजवळ पाव हिस्सा हवा ‘वापरली’ होती! सगळी गळती. तीन मिलिमीटरचं एक भोक असलं तरी सात बारला तीन-साडेतीन किलोवॅट त्यातून निघून जातात, हेही मला तेव्हाच कळलं.

मामा आलेखाकडे बराच वेळ बघत होते. मग त्या मुलीला म्हणाले, “पोरी, गळती तर मीटरच्या पुढे. मग ती वाढली तर तुमचं बिल वाढणार. बरोबर?”

चौघेही गप्प. मला मामांना मिठी मारावीशी वाटली. इतका वेळ मी नाचत होते की यांचं आणि माझं हित एक झालं, आणि मामांनी बोट ठेवून दाखवलं की ते मीटरपर्यंतच एक आहे! मीटरच्या अलीकडे मशीन नीट चालण्यात त्यांचा फायदा, मीटरच्या पलीकडे माझे पाइप फुटके राहण्यात. तो कंपनीचा मुलगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, “काका, खरंय. म्हणून वर्षातून दोनदा गळती शोधून द्यायचं आम्ही करारात घालतो. पण बंद तुम्हालाच करायची.”

पुढच्या रविवारी मी आणि मामा दोघेच वर्कशॉपात गेलो. बादलीत साबणाचं पाणी, हातात जुना रंगाचा ब्रश. जोडाजोडाला पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. लहानपणी सायकलचं पंक्चर काढताना बघायचो तसंच. गल्लीत एकही प्रेस चालू नव्हता, त्यामुळे कान लावला तरी सूंऽऽ ऐकू येत होतं. अकरा ठिकाणी गळत होतं. सगळ्यात मोठी गळती पावडर उडवायच्या बूथच्या मागे, नळी जोडायच्या क्विक कपलरवर, आणि तिथे कोणीतरी सायकलची ट्यूब कापून करकचून गुंडाळलेली. ट्यूबवर धुळीचा जाड थर.

“सासऱ्यांनी तुमच्या बांधलीय,” मामा म्हणाले. “गन लावायची घाई होती. उद्या बदलू म्हणाले होते.” त्यांनी ती ट्यूब सोडवली, झटकली आणि खिशात ठेवली.

नवं मशीन येऊन आता नऊ दिवस झाले. आवाज एवढा कमी की पहिल्या दिवशी मामा चारदा जाऊन हात लावून आले, चालू आहे ना. कंप्रेसरच्या उष्णतेवर तापणाऱ्या पाण्याचा पाइप टाकीपर्यंत यायचा आहे अजून, कुत्री सध्या तरी जागेवर आहेत. परवा सकाळी सव्वासातला डीलरचा फोन आला की हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरचं तापमान रात्रीपासून चढतंय, पोरगा निघालाय. आम्हाला पत्ताही नव्हता! फिल्टरची जाळी पावडरने बुजली होती. पाच मिनिटांचं काम. पूर्वी हे आम्हाला कसं कळलं असतं? पत्र्यावर टाचणीची भोकं दिसल्यावर.

आणि त्या रात्री मला झोप लागेना, कारण वेगळाच किडा डोक्यात शिरला. आम्ही काय विकतो? चौरस फुटाला अमुक रुपये, असं कोटिंग विकतो. पॅनलवाल्याला कोटिंग हवंय का? त्याला दाराला गंज नकोय! मग मी त्याला पाच वर्षं गंज न चढण्याची हमी का विकू नये? दर वर्षी थोडे पैसे, आणि गंजलं तर दार आम्ही परत नेऊन पुन्हा करून देणार. मग मलाच सात टाक्यांची प्रक्रिया कधी आखडती घ्यावीशी वाटणार नाही. पण एकटीने कसं जमेल? पावडरवाला बरोबर हवा, टाक्यांतल्या फॉस्फेटिंगचं केमिकल देणारा हवा, दारं काढून आणणारा-बसवणारा हवा.

सकाळी मी पहिला फोन पावडरवाल्याला केला. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा माणूस, दर वाढवताना रडतो आणि कमी करताना जास्त रडतो. माझं सगळं त्याने निमूटपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हसणार. पण तो बराच वेळ गप्प होता, आणि मग, वीस वर्षांत आमच्या वर्कशॉपाला त्याने कधी विचारला नव्हता असा प्रश्न त्याने विचारला.

“वहिनी, ती दारं शेवटी बसतात कुठे? इकडेच, की कोकणात, समुद्राजवळ?”